शिवगंगाच्या एकसष्टीची फर्माईश

उदगीर, १२ जानेवारी २०२५

शेषेराव,

'प्रिय' लिहिणार होतो. पण ते वाचून तू पत्र तसंच चुलीत घालशील, म्हणून नुस्तं नाव लिहिलंय. माझा फोन तू उचलत न्हाईस. परवा सिंधुवहिनींनी उचलला, तर मागून तुझाच आवाज आला, "न्हाईत म्हणून सांग." वहिनींना खोटं बोलायची सवय न्हाई. त्या म्हणाल्या, "भावजी, ते न्हाईत म्हणून सांग म्हणून राहिलेत." आम्ही दोघंबी खदखदून हसलो. तवा आता पोस्टानं लिहून राहिलो. पोस्टमन भोकरपासून सायकल मारत तुझ्या मळ्यापर्यंत आला की त्याला काय न्हाई म्हणून सांगशील?

विसरला असशील तर वळख करून देतो. मी उमाशंकर. उदगीरच्या मोंढ्यापाशी भांड्यांचं दुकान. आता गल्ल्यावर आदर्श बसतोय, माझा पोरगा, आणि मी त्याच्या मागं बसून गिऱ्हाईकाला घागरीचे गुण सांगतो. पण खरी वळख तुला ठाऊक हाय. ऑर्केस्ट्रा गुलबहार! गायक शेषेराव, ड्रमवर वीरण्णा, आणि निवेदनाला हा गडी. लातूर, नांदेड, बिलोली, देगलूर, गणपती असो का नवरात्र, आपल्याबिगर स्टेज उभं राहत नव्हतं. लोक तुझ्या गाण्याला यायचे, आणि माझ्या चार ओळींना टाळ्या द्यायचे. हे तुला तवाबी पटत नव्हतं.

कामाचं लिहितो. तेवीस फेब्रुवारीला, रविवारी, शिवगंगाची एकसष्टी हाय. आदर्श म्हणाला, डीजे लावू. मी म्हणलो, तुझ्या आईला बहिरी करायची हाय का? आपला ऑर्केस्ट्रा उभा करायचा. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद, दर दशकातलं एकेक गाजलेलं गाणं. जे त्या काळी रेडिओवर पहिल्या नंबरला जाऊन बसलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं, असलं. आणि दर गाण्याआधी माझ्या चार ओळी, यमकासकट. वीरण्णा लातूरला पिठाची गिरणी चालवतोय. त्याला फोन केला, तर त्यानं माझ्याशी बोलता बोलताच पिठाच्या डब्यावर ठेका धरला. कीबोर्ड आदर्श वाजवणार. गायक म्हणशील तर गायक तूच. दुसरा कोण हाय?

ओळी पाठवतो. साठसाठी अशा जमल्यात:

एका घरी रेडिओ अन् दहा घरांचे कान,
सुई जराशी हलली तर निघून जायचा प्राण;
पियानोवर बोटं आणि झाडामागं प्रीत,
साठ सालच्या दिलांनो, घ्या पियानोचं गीत!

आणि ऐंशीची सुरुवात ऐक:

कोटावरती टिकल्या लावून डिस्को आला गावात,
देवणीचा वळूसुद्धा नाचला आपल्या दाव्यात;

वळूवर हशा येणार बघ. देवणीचे पाव्हणेबी येणार हायेत.

आता जरा नीट वाच. शिवगंगाला सख्खा भाऊ न्हाई. आमच्या लग्नात कानपिळीला नवरीचा भाऊ म्हणून कोण उभा होता? दोस्त माझा, आणि उभा राहिला तिच्या बाजूनं! माझा कान असा पिळलास की पहिल्या पंगतीला मला एकाच कानानं ऐकू येत होतं. तवापासून ती तुला भाऊ म्हणती. एकसष्टीला माहेरची साडी-चोळी लागती, शेषेराव. ती तू आणायची आणि गायचंबी. तिचा लई हट्ट हाय. माझं म्हणशील तर माझं काही अडलेलं न्हाई.

उमाशंकर


उदगीर, २४ जानेवारी २०२५

शेषेराव,

तुझं कार्ड मिळालं. ना नमस्कार, ना तबियतीची विचारपूस. नुस्तं एवढंच: "येणार नाही. गावात-दाव्यात जमत नाही. थाटात-हाटात कर."

अरं वा रे वा! यायचं न्हाई, आणि यमक मात्र तपासायचं. म्हणजे जावयाला जेवायला बोलवावं, आणि त्यानं घरी बसून मिठाचा निरोप पाठवावा. मी दिवसभर घुश्शात होतो. संध्याकाळी म्हणून बघितलं:

कोटावरती टिकल्या लावून डिस्को आला थाटात,
देवणीचा वळूसुद्धा नाचला भर हाटात;

चांगलं झालंय. एवढ्यावर चढून बसू नकोस.

तुझ्या डोक्यात अजून देगलूरचा गणपती बसलाय, ठाऊक हाय मला. मग होऊनच जाऊ दे. आपली रीत काय होती? माझ्या चौथ्या ओळीचा शेवटचा शब्द 'गीत'. तो पडला की वीरण्णाची काडी पडायची आणि तू वरचा सूर लावायचास. ना हात हलवायचा, ना मान. एक शब्द, की गाडी सुटली. लोकांना वाटायचं जादू हाय. त्या दिवशी देगलूरला काय झालं, की माझ्या चौथ्या ओळीच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. समोर आख्खा बाजार. माणूस हाय, दोन ओळी वाढवल्या. बरं, चार. वीरण्णा म्हणतोय बारा, पण त्याला ठेक्याशिवाय काही मोजता येत न्हाई. त्या वाढीव ओळींत मधीच कुठंतरी 'गीत' आलं. आलं तर आलं! तू सूर लावलास, वीरण्णानं काडी टाकली, आणि मी माइकवर बोलतोच हाय. तू आकाशात, मी जमिनीवर, आणि ऑर्केस्ट्रा मधी लोंबकळतोय. लोक हसले. तू माइक माझ्या हातात दिलास, म्हणालास, "घे, आता तूच गा," आणि स्टेजच्या मागल्या शिडीनं उतरून एस्टी स्टँडला गेलास.

आता तूच सांग, मी बोलत होतो हे तुला ऐकू येत होतं का न्हाई? थांबता येत न्हवतं? तू घाई केलीस. मी आजबी तेच म्हणणार. पण त्यापायी एवढी वर्षं? पोरांची लगीनं झाली, केस गेले, कॅसेटी गेल्या, मोबाइल आले. ऑर्केस्ट्राचं नाव घेतलं की लोक आता विचारतात, ते काय असतंय? आणि आपण दोघं अजून देगलूरच्या स्टेजवरच उभे.

नव्वदच्या ओळी सोबत हायेत. यमक नीट बघ, तुला तेवढंच काम दिसतंय:

कॅसेट अडकली, पेन्सिल घातली, दिला हळूच पीळ,
टमटमवाल्यानं वाजवून वाजवून झिजवून टाकली रीळ;
ग्रीटिंग कार्ड खिशातच ऱ्हायलं, एस्टी निघून गेली,
नव्वदच्या त्या एका गाण्यावर पोरं अर्धी मेली!

यात 'गीत' न्हाई. मुद्दाम ठेवलं न्हाई. बघ, तुझ्यासाठी रीतबी बदलून राहिलो.

उमाशंकर


उदगीर, ३ फेब्रुवारी २०२५

शेषेराव,

दुसरं कार्डबी मिळालं. "हळदीचं काम आहे. गायला जमणार नाही. नव्वदचं कडवं चांगलं आहे."

हळद! भोकर तालुक्यात हळद काय यंदाच पहिल्यांदा उगवली का? तुझ्या बापाच्या वेळेपासून हळद शिजते, आणि त्या काळात तू हळद सोडून बिलोलीला गायला पळायचास. तुझा बाप काठी घेऊन बांधावर उभा असायचा आणि मी त्याला सांगायचो, "आण्णा, शेषेराव सोसायटीच्या मीटिंगला गेलाय." तुझ्यासाठी इतकं खोटं बोललोय मी. आता त्याच हळदीचं निमित्त मला सांगतोस होय?

नगं येऊ. लातूरला एकजण हाय, मोबाइलवर संगीत लावतोय आणि त्याच्यावर गातोय. चांगला गातोय. पडद्यावर शब्द येतात, वाचायचं आणि गायचं. मी त्याला विचारलं, "पडदा बंद पडला तर?" तो म्हणाला, "तर मीबी बंद." त्याला ठरवतो. शिवगंगाला सांगतो, तुझ्या भावाला हळद पिवळी दिसली, बहीण न्हाई दिसली.

आणि ऐक, मागं लिहिलं होतं ना की तिचा हट्ट हाय? तिचा काही हट्ट न्हाई. ती एक शब्द बोललेली न्हाई. पंचमीला आमच्या आळीतल्या साऱ्या बायका माहेरी जातात, झोके खेळतात. ही त्या दिवशी दुकानात येऊन बसती आणि तांब्ये पुसती. पुसलेले तांब्ये पुन्हा पुसती. मी बघतो आणि पुढचा तांब्या तिच्या हातात देतो. हट्ट माझाच, बोलवायचं तर मलाच होतं तुला. समजलं? आता हे पत्र चुलीत घालायचं तर घाल, मला फरक पडत न्हाई.

उमाशंकर


उदगीर, ६ फेब्रुवारी २०२५

शेषू,

काल सिंधुवहिनींचा फोन आला. माझं तीन तारखेचं पत्र त्यांनी वाचलं म्हणे. तू वाचून पलंगावर टाकलंस आणि मळ्यात निघून गेलास. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्यांच्यावर रागावू नका. त्यांचा राग तर कवाच गेलाय. आवाज गेलाय."

मला आधी कळलंच न्हाई. मग त्यांनी सांगितलं, नांदेडला गळ्याची गाठ काढली ते. गाठ साधी होती, जीव वाचला, तब्येत खणखणीत हाय. पण वरचा सूर लागत न्हाई. मध्यातल्या स्वरावर आवाज फाटतो. म्हणाल्या, तू भजनाला जातोस तर शेवटच्या ओळीत बसून नुस्त्या टाळ्या वाजवतोस, आणि तुला "शेषेराव, एखादं होऊ द्या" म्हणलं की उठून चपला शोधतोस.

अरं माझ्या राजा. मला का सांगितलं न्हाईस? मी काय परका होतो? बरं, परका होतो. पण एका कार्डावर चार शब्द लिहिले असतेस तर मी पहिल्या एस्टीनं आलो असतो. शिवगंगा सोबत आली असती. तुझ्या उशापाशी बसली असती आणि तुला जुन्या गाण्यांच्या धुना ऐकवल्या असत्या. चुकीच्याच, पण ऐकवल्या असत्या. काल फोन ठेवला आणि दुकानाच्या मागल्या खोलीत, पितळी पातेल्यांच्या ढिगात, मी रडलो. आदर्श धावत आला, त्याला वाटलं पातेलं पायावर पडलं.

हिला मी सांगितलं. ती म्हणाली, "आवाजाला काय करायचंय? माणूस येऊ द्या." पण मी निवेदक हाय, शेषू, मला गायकाची मेख ठाऊक हाय. तू रिकाम्या गळ्यानं स्टेजसमोर बसणार न्हाईस. लोक फर्माईश करणार आणि तू चपला शोधणार. मी तुझ्या जागी असतो तर मीबी आलो नसतो.

म्हणून हे वाच. आदर्शच्या कीबोर्डाला एक बटण हाय. ते दाबलं की आख्खी पट्टी खाली उतरती, बोटं तीच आणि सूर खालचा. आपल्या जमान्यात असलं बटण असतं तर पेटीवाल्याशी निम्मी भांडणं झाली नसती. चार गाणी नको. एकच गा. सत्तरचं रुमालाचं गाणं. ती शाळेत होती तवाचं. तिच्या घरी रेडिओ न्हवता, तर शेजारच्या खिडकीखाली दळण घेऊन उभी ऱ्हायची आणि ते गाणं संपेपर्यंत गिरणीला जात नव्हती. लग्नात तू तेच म्हणला होतास. बाकीची तीन तो मोबाइलवाला गाईल.

ओळी ह्या. तूच बघून दे:

बेलबॉटमनं झाडून काढला गावाचा बाजार,
कल्ले बघून पोरी म्हणल्या, आम्हाला आला आजार;
गिटारवाला हिरो आला, मोटार त्याची लाल,
सत्तर साली रुमालानं केली लई कमाल!

चारच ओळी हायेत. पाचवी म्हणणार न्हाई, बसवेश्वराची आण.

तुझा,
उमाशंकर


उदगीर, १६ फेब्रुवारी २०२५

शेषू,

कार्ड आलं न्हाई. पोस्टमन आमच्या दारावरून जातोय आणि मी उगंच त्याला पाणी विचारतोय.

काल लातूरला वीरण्णाच्या गिरणीत तालीम झाली. दुपारी दळण बंद ठेवलं. गोण्यांवर आम्ही बसलो, ड्रमवर पीठ बसलेलं. पहिला ठोका टाकला, तर आख्खी गिरणी पांढरी, आणि वीरण्णा खोकून खोकून ठेका सोडायला तयार न्हाई. सत्तर वर्षांचा म्हातारा, पण डिस्कोला लागला की कमरेचं दुखणं विसरतोय. दळायला आलेल्या बायका बाहेर डबे घेऊन उभ्या होत्या. एकजण म्हणाली, "दळण ऱ्हाऊ द्या वो, ते वळूचं पुन्हा म्हणा." मी तीनदा म्हणलो.

रुमालाच्या गाण्याची पट्टी आदर्शनं दोन सुरांनी उतरवली. मग अजून एक सूर. मी गाऊन बघितलं. वीरण्णा म्हणाला, "उमाशंकर, तू निवेदनच कर. पिठात अळ्या पडतील."

आता एक गोष्ट सांगतो, ती वाचून मग काय करायचं ते कर. हिच्या एकसष्टीला आदर्शनं अंगठी घेतली. मी पैठणी घ्यायला निघालो, तर ही म्हणाली, "त्या दिवशीची साडी नगा घेऊ." का? तर म्हणे, "बघू." सुनेनं विचारलं, "आत्या, मग नेसणार काय?" पुन्हा तेच, "बघू." आठ दिवसांवर कार्यक्रम आला, तिची चोळीसुद्धा शिवायला पडली न्हाई. शेषू, ती तुझ्या साडीसाठी थांबलीय. तोंडानं म्हणणार न्हाई, पण माहेरची साडी आली न्हाई तर ती त्या दिवशी जुन्या साडीत पाटावर बसेल, हे मला पक्कं ठाऊक हाय. आणि एवढ्या पाव्हण्यांसमोर मला ते बघवणार न्हाई.

गाऊ नकोस. सूर लावू नकोस. स्टेजकडं बघूसुद्धा नकोस. साडी घेऊन ये, तिच्या हातात दे, आणि परत जा. मी तुझ्याशी बोलणारबी न्हाई, तुला तेच पाहिजे असेल तर. माइकवर तुझं नावसुद्धा घेणार न्हाई. याच्यापेक्षा जास्त उमाशंकर काय करू शकतोय सांग.

तुझा,
उमाशंकर


उदगीर, २४ फेब्रुवारी २०२५

शेषू, गाढवा, राजा, माझ्या भावा,

तू काल गेलास आणि मागं काय झालं ते तुला ठाऊकच न्हाई. हळद शिजवायच्या भाड्याच्या कुकरचा तुझा नंबर आज पहाटेचा, ऱ्हाता येत न्हाई असं शिवगंगाला म्हणालास. यावेळी हळद खरी होती, कारण वहिनींनी शपथ घेतली. म्हणून सोडलं तुला. पण पंगतीआधी गेलास ही तुझी चूकच झाली. सगळं सांगतो, सावकाश वाच.

आधी सकाळचं. तुला वाटलं असेल तुला मीच आधी बघितलं. न्हाई. हिनं बघितलं. मंगल कार्यालयाच्या दारात तू आणि वहिनी उतरलात, तुझ्या हातात ती कापडी पिशवी, आणि ही आतून ओरडली, "अय्यो, भाऊ आला!" ओटी, पाट, पाव्हणे, सगळं टाकून पळाली. एकसष्ट वर्षांची बाई शाळा सुटल्यासारखी पळाली. तू साडी दिलीस आणि तिनं तिथंच, दारातच, ती घडीसकट डोक्याला लावली. हिरवी साडी, हळदीच्या रंगाचा काठ. वहिनींची पसंत, हे मी वळखलं. तुला रंगातलं कवा कळलंय? चोळी शेजारच्या शिंपिणीनं तासाभरात शिवून दिली. एक बाही ढगळ झाली, पण ही म्हणाली, अशीच पाहिजे होती.

आपण दोघं बोललो न्हाई. मी शब्दाला पक्का हाय. तू माझ्यासमोर उभा ऱ्हायलास आणि माझा कान धरून पिळलास. एवढंच. अजून दुखून राहिलाय.

आता स्टेजचं. तू डोळे मिटले होतेस, म्हणून तुला मी सांगतो समोर काय होतं. मी चार ओळी म्हणलो. चारच! 'कमाल' म्हणलो आणि तोंड मिटलं. आदर्शनं सुरुवात वाजवली. आणि तू खुर्चीतून उठलास. तुला कुणी बोलावलं न्हवतं, शेषू, तो मोबाइलवाला माइक धरून तयार होता. तू त्याच्या हातातला माइक घेतलास आणि खालच्या सुरात उचललंस. आवाज जाड झालाय तुझा, खरं हाय. पण शब्द तसेच टाकतोस, एकेक शब्द हातात ठेवल्यासारखा. पहिल्या रांगेत देवणीचे पाव्हणे बसले होते, त्यातला वळूवाला पाव्हणा पान खायचा थांबला.

मग कडवं आलं, जिथं सूर वर जातोय. मी देवाचं नाव घेतलं. वीरण्णानं काडी हवेतच धरली. तुझा आवाज फाटला, हाव, फाटला. आणि तू काय केलंस? तू ओठ गोल केलेस आणि शीळ घातलीस! बैलांना हौदावर पाणी पाजताना घालतात ती शीळ! वरचा सूर शिळेवर उचललास, आख्खा, हरकतीसकट, आणि खाली आलास की पुन्हा गळ्यावर घेतलंस. त्या गाण्याला शीळ न्हवतीच कवा. ज्यानं कुणी ते गाणं बांधलं त्यानं काल ऐकलं असतं, तर म्हणाला असता, अरे, हे मला का सुचलं न्हाई! आमची आख्खी आळी, बायका-पोरं, पाव्हणे, आचारी, सगळी उभी. आचाऱ्याच्या हातात झारा. वीरण्णा ड्रम वाजवता वाजवता रडत होता, आणि ठेका सुटला न्हाई.

मी माइक घेऊन उभा होतो. बोलायची लई इच्छा झाली. एवढ्या टाळ्या! चार ओळी तर जिभेवरच होत्या. गिळल्या. ही वर्षं फुकट गेली न्हाईत म्हणायची.

तू गेलास आणि पंगत बसली. बायकांनी शिवगंगाला घेरलं. "नाव घ्या, नाव घ्या." तुला ठाऊक हाय, ती उखाणा घेत न्हाई. आमच्या लग्नातबी तिनं दुसऱ्याचा पाठ केलेला म्हणला होता. मला वर तोंड करून सांगायची, "घरात एक यमकवाला हाय तेवढा पुरे." मी म्हणलो, थांब, मी करून देतो. माझ्याकडं तयार होता, आठ ओळींचा, दशकांचा, रेडिओपासून मोबाइलपर्यंत. पुढं झालो. तर हिनं मला हातानं मागं सारलं. खरंच सारलं, पाव्हण्यांसमोर. पदर सावरला, तुझ्या साडीचा, ढगळ बाहीचा हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाली:

"रेडिओ गेला, कॅसेट गेली, गाणं ऱ्हायलं ओठी,
उमाशंकररावांचं नाव घेते, शेषेरावभाऊसाठी!"

बायका किंचाळल्या. टाळ्या तर तुला पडल्या त्याच्यापेक्षा जास्त पडल्या, हे मी ईर्ष्येनं न्हाई, खरं म्हणून लिहून राहिलो. कुणीतरी म्हणालं, "भाऊ कुठाय? भाऊला बोलवा." आणि ही दाराकडं बघत म्हणाली, "एस्टीत बसलाय. पंचमीला मी जाणार हाय त्याच्याकडं. माहेरी."

मला तिनं विचारलंबी न्हाई, शेषू. आळीभर सांगून टाकलं. घरी आल्यावर म्हणलो, "अगं, त्यांना तरी विचारलंस का?" तर तांब्या भरता भरता म्हणाली, "माहेराला काय विचारायचं असतंय?"

झोका बांध. आंब्याचं झाड असेल तर आंब्याला, न्हाईतर निंबाला, पण मजबूत बांध. बाई एकसष्ट वर्षांची हाय, आणि उभ्यानं झोका घेणार म्हणून राहिलीय.

तुझा,
उमाशंकर